वाळूजजवळचं जुनं रो-हाऊस घेण्याआधी काय तपासावं: आधी पाणी, रेडॉन सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीच्या मागच्या एका वसाहतीत १९९८ सालचं रो-हाऊस बघितलंय. प्लॉट २० बाय ५० फुटांचा, मागच्या अंगणात बोअर, नळाला पाणी आठवड्यातून एकदा. मुलगी तीन वर्षांची आहे आणि पत्नीला सातवा महिना सुरू आहे. विकणारे म्हणतात, बोअरचं पाणी गोड आहे, आम्ही इतकी वर्षं तेच पितोय. मेव्हण्यांनी मात्र बजावलंय की हवा, रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू), शिसं, बुरशी, ॲस्बेस्टॉस असं सगळं तपासल्याशिवाय विसार देऊ नका. त्यासाठी एका कंपनीने ३५ हजारांचं पॅकेज सांगितलंय. ते घ्यावं का?

माझं मत सरळ सांगतो: ते पॅकेज घेऊ नका. तपासणी मात्र नक्की करा. मी पाणी आणि पर्यावरण तपासणीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतले नमुने हाताखालून जातात आणि घर घेण्याआधी जागा बघून देण्याचं कामही करतो. असली पॅकेजं बहुतेक परदेशातल्या याद्यांवरून बनवलेली असतात. त्यात वीस गोष्टी थोड्या थोड्या मोजतात आणि आपल्याकडे जिथं खरी गोम असते, तिथं एक बाटली पाणी नेऊन उरकतात.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न मिसळलेत. घरात काय बिघडलंय, हा एक. आणि जे बिघडलंय ते आपल्याला दुरुस्त करता येईल का, हा दुसरा. गळणारा स्लॅब, जुना ऑइलपेंट, फुटका पत्रा ही खर्चाची कामं आहेत. खर्च काढायचा, तो किमतीतून वळता करायचा आणि घर घ्यायचं. पण भूगर्भातलं पाणी केमिकलने नासलं असेल, किंवा चार घरं सोडून कोणी भंगारातल्या बॅटऱ्या फोडत असेल, तर कितीही पैसे ओतून ते तुमच्या हातात येत नाही. म्हणून मी आधी दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी बघतो. त्या निघाल्या तर पुढच्या तपासण्यांवर पैसे घालायचेच नाहीत.

आधी पाणी. यात मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या घरात येणारं बाळ आहे.

"पाणी गोड आहे" यावर विसंबू नका. विकणारे खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण जीभ फक्त क्षार ओळखते. पाणी खारट किंवा मचूळ लागलं तर कळतं. नायट्रेट, फ्लोराइड, क्रोमियम, ई-कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) यांपैकी कशाचीच चव धोक्याच्या पातळीला लागत नाही. बाजारात मिळणारं टीडीएस मीटरही तेवढंच सांगतं, पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते. टीडीएस ४०० दाखवणाऱ्या बोअरमध्ये नायट्रेट मर्यादेच्या वर असणं ही आमच्याकडे अगदी नेहमीची गोष्ट आहे.

तुमच्या प्लॉटचं माप पुन्हा बघा. ५० फूट म्हणजे सुमारे १५ मीटर. सेप्टिक टँकचं पाणी जिथं जमिनीत मुरतं तो शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान १८ मीटर लांब हवा, असं आपलं मानक सांगतं. म्हणजे या प्लॉटमध्ये सेप्टिक टँक पुढच्या टोकाला आणि बोअर मागच्या टोकाला घेतलं तरी ते अंतर बसत नाही. मागच्या गल्लीतल्या घराचा शोषखड्डा तर तुमच्या बोअरच्या भिंतीपलीकडेच असणार. १९९८ च्या सुमाराच्या बहुतेक वसाहतींत हेच झालंय. आधी प्रत्येक घराने सेप्टिक टँक बांधली, मग दुष्काळात प्रत्येकाने बोअर घेतलं. ड्रेनेज लाइन आली असेल तर उत्तमच. पण लाइन आली म्हणून सगळी घरं जोडली गेलीत असं समजू नका. रस्त्यावरचे चेंबर बघा आणि शेजाऱ्यांना विचारा.

"पण बोअर ३०० फूट खोल आहे" असं तुम्हाला सांगतील. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात खोलीला फारसा अर्थ नाही. वरची माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग पाइप टाकतात, तो साधारण वरच्या वीस-चाळीस फुटांपुरता. खाली बोअर उघडंच असतं. पाषाणातल्या भेगा वरच्या आणि खालच्या थरांना जोडतात आणि केसिंग पक्क्या खडकात नीट बसवलेलं नसेल, तर वरचं सांडपाणी पाइपच्या बाहेरून थेट आत उतरतं. हे तपासायला पैसे लागत नाहीत. मोटर बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, बोअरचं झाकण काढायला लावा आणि कान देऊन ऐका. वरच्या अंगाने पाणी ठिबकत असल्याचा आवाज स्पष्ट येतो. भर मे महिन्यात, आजूबाजूचं पाणी आटलेलं असताना, पंधरा-वीस फुटांवर ठिबक ऐकू येत असेल तर ते पाणी पावसाचं नाही. कुणाच्या तरी न्हाणीघराचं किंवा संडासाचं आहे. केसिंग जमिनीच्या वर फूटभर तरी हवं, त्याला घट्ट टोपण हवं आणि भोवती सिमेंटचा ओटा हवा. फरशीच्या पातळीला कापलेलं, वर नुसता दगड ठेवलेलं केसिंग दिसलं की मी तिथंच बॅक्टेरिया निघणार असं धरून चालतो.

आता नमुना कसा घ्यायचा ते. विकणाऱ्याने भरून दिलेली बाटली घेऊ नका. स्वतः उभं राहून घ्या आणि टाकीतलं किंवा आरओतलं पाणी न घेता थेट बोअरच्या पाइपमधून घ्या. मोटर निदान दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपमध्ये साचलेलं जुनं पाणी निघून जाईल. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. बॅक्टेरियाची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणावी लागते. ती विसळायची नाही, आतून बोट लावायचं नाही, झाकण खाली ठेवायचं नाही. नळाचं तोंड लायटरच्या ज्योतीने भाजून घ्या, पाणी वाहू द्या, मग भरा. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी, जमलं तर सहा तासांच्या आत पोचवा. मे महिन्यात डिकीत दिवसभर तापलेल्या बाटलीचा रिपोर्ट कशालाही लागू पडत नाही. धातू तपासायचे तर वेगळी बाटली लागते, तिच्यात प्रयोगशाळाच आम्ल घालून देते. हे आधीच सांगून ठेवा.

कुठे द्यायचं? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा आहेत आणि तिथं सामान्य माणसालाही माफक शुल्कात नेहमीची रासायनिक आणि जैविक तपासणी करून मिळते. लोकांना हे ठाऊकच नसतं, याचं मला वाईट वाटतं. धातू आणि औद्योगिक घटकांसाठी मात्र एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खाजगी प्रयोगशाळा गाठावी लागेल आणि त्याला काही हजार रुपये जातील. मान्यता ज्या त्या घटकासाठी असते, म्हणून "तुमच्या यादीत क्रोमियम, निकेल आहे का" हे विचारून घ्या. ३५ हजारांतला मोठा भाग वाचेल आणि जे हवं तेच हातात येईल.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आयएस १०५०० आहे. त्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, पर्याय नसेल तर २०००. ई-कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. एकूण क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२, शिसं ०.०१ मिलिग्रॅम.

पण आकडे सुटे सुटे वाचू नका. आम्ही ते जोडीने वाचतो, कारण त्यावरून घाण कुठून येतेय ते कळतं. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही चढलेले, सोबत ई-कोलाय सापडलेला, तर ते सांडपाणी आहे. नायट्रेट चढलेला पण क्लोराइड साधा आणि आसपास शेती, तर युरियाचा संशय आधी घ्यायचा. फ्लोराइड एकटंच चढलेलं असेल तर ते खडकातून येतंय, त्यात शेजाऱ्याचा दोष नाही. आणि सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय व रासायनिक घाणीचं माप, हा आकडा आवर्जून मागा, तो नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या यादीत नसतो. चांगल्या बोअरच्या पाण्यात सीओडी जवळजवळ शून्य यायला हवा. तो ठळकपणे वर आला, सल्फेट वाढलेला, पीएच खाली घसरलेला आणि वर क्रोमियम किंवा निकेल सापडला, तर ते कारखान्याचं पाणी जमिनीत उतरलंय. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनतात, त्यांवर प्लेटिंग होतं, म्हणजे क्रोमियम-निकेलसारख्या धातूचा मुलामा चढवतात. म्हणून तुमच्या बाबतीत क्रोमियम आणि निकेल टाळू नका. लातूरच्या एखाद्या पेठेतल्या घरासाठी विचारलं असतंत तर मी हे दोन घटक सोडायला सांगितलं असतं.

पाण्यात सांडपाणी सापडलं तर घर सोडायचं का? तसं मला वाटत नाही. नळाचं पाणी पिण्याला, बोअर वापराला, अशी विभागणी करता येते. आरओने नायट्रेट बऱ्यापैकी कमी होतो. पण एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, नीट समजावून सांगा: नायट्रेटचं पाणी उकळून बाळाला देऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, पण पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट मागेच राहतो, म्हणजे उरलेल्या पाण्यात तो वाढतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. आपल्या घरांतून प्रेमाने आणि काळजीने केली जाणारी गोष्ट इथं उलटी पडते, म्हणून मी हे प्रत्येकाला सांगतो. कारखान्याचं पाणी सापडलं तर मात्र माझं उत्तर बदलतं. ते घर सोडा. आज एक धातू निघाला, उद्या काय उतरेल ते कुणाच्या हातात नाही आणि त्याच पाण्याने मुलीची आंघोळ होणार आहे.

नळाचं पाणी म्हणजे निर्धोक, असंही नाही. आठवड्यातून एकदा पाणी येतं, म्हणजे सहा दिवस पाइपलाइन रिकामी असते. रिकाम्या पाइपला कुठं तडा असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ सुटल्यावर पहिलं पाणी हौदात घेऊ नका. नळाच्या तोंडाशी क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक क्लोरीन बघायला जी ओटी टेस्ट करतो, ती दोन मिनिटांची आहे, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. तुमची वसाहत ग्रामपंचायतीत येत असेल तर पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला कोणतं कार्ड मिळालंय, लाल, पिवळं की हिरवं, ते विचारा. ही माहिती ते देतात.

आणि हौद. जमिनीखालचा हौद रिकामा करायला लावा आणि टॉर्च घेऊन आत वाका. भिंतीवर तपकिरी ओघळ, एका कोपऱ्यातून झिरपणारं पाणी, मुळं आत शिरलेली दिसली, तर बाहेरचं पाणी आत येतंय. सेप्टिक टँक किंवा चेंबर त्याच बाजूला असेल तर हौद आतून वॉटरप्रूफिंग करून घ्यावा लागेल. तो खर्च लिहून ठेवा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे आपल्याकडे हौदांना तडे जाणं नवल नाही. हौदाचं झाकण घट्ट बसतं का तेही बघा, पत्नी गरोदर असताना डेंग्यूचे डास घरात नकोत.

पाण्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतील. त्या दिवसांत परिसर बघा.

दिवसा अकरा वाजता गाडीतून चक्कर मारून काही कळणार नाही. रात्री दहा-अकराला जा, पहाटे पाच-साडेपाचला जा, एखाद्या कामाच्या दिवशी आणि एखाद्या रविवारी जा. थंडीत आणि पहाटे हवा जमिनीलगत गार होऊन बसते, धूर आणि वास वर जात नाहीत, म्हणून दिवसा न जाणवणारा वास तेव्हा जाणवतो. तुम्ही उन्हाळ्यात घर बघताय, वारा जोरात असतो, त्यामुळे आत्ता बरं वाटेल. शेजाऱ्यांना थेट "प्रदूषण आहे का" असं विचारू नका, कोणीही आपल्या गल्लीला नावं ठेवत नाही. "हिवाळ्यात खिडक्या उघड्या ठेवता का?" असं विचारा. खरं उत्तर मिळतं.

गच्चीवर चढा. टाकीच्या झाकणावरची, कठड्याच्या कोपऱ्यातली धूळ कागदावर घ्या. कागदाखालून लोहचुंबक फिरवा. धूळ सरकली, उभी राहिली, तर त्यात लोखंडाचे कण आहेत. जालन्याच्या स्टील कारखान्यांच्या बाजूला हे सहज दिसतं. परळीत धूळ वेगळी असते, राखाडी आणि पिठासारखी मऊ, ती औष्णिक केंद्राच्या राखेची. वाळूजला बहुधा रस्त्याचीच माती जास्त सापडेल. हवेचं यंत्र एक दिवस लावून काढलेला आकडा तुमच्या काहीच कामाचा नाही. तो आकडा त्या दिवशीच्या वाऱ्याचा असतो. संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तिन्ही शहरं केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा मानकांत न बसणारी म्हणून आधीच नोंदलेली आहेत. म्हणजे धूळ जास्त आहे हे आपल्याला ठाऊकच आहे. तुम्हाला शोधायचाय तो तुमच्या घराजवळचा खास स्रोत.

तो कोणता? अर्ध्या किलोमीटरच्या परिघात पायी फिरा. पत्र्याच्या शेडमध्ये नाव नसलेलं काय चालतं ते बघा. वायर जाळून तांबं काढणारे, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारे, ड्रम धुणारे, प्लेटिंगचे छोटे वर्कशॉप. मोठ्या कारखान्यावर निदान प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असते, तो प्रदूषणाच्या प्रमाणानुसार लाल वर्गातला (सगळ्यात जास्त) की नारिंगी (त्याखालचा) हे विचारता येतं. या शेडना काहीच नसतं. त्यातही बॅटऱ्या फोडण्याचं काम जवळपास दिसलं तर दुसरं काही तपासू नका. शिशाची धूळ घराघरांत बसते, मुलं रांगतात, हात तोंडात घालतात, आणि शिशाने लहान मुलाच्या मेंदूचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. तीन वर्षांची मुलगी आणि तान्हं बाळ घेऊन तिथं राहू नये, घर कितीही स्वस्त असो.

जमीन आधी कशाची होती, हेही विचारा. सातबाऱ्याचे जुने फेरफार बघा, पण त्यापेक्षा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. इथं खदान होती का, नाला होता का, वीटभट्टी होती का. दगडाची खदान कचऱ्याने भरून वर मुरूम टाकायचा आणि प्लॉट पाडायचे, हे आपल्याकडे सर्रास झालंय. अशा भरावावर घर खचतं, खालचा कचरा कुजून वायू धरतो आणि त्याचं काळं पाणी बोअरला लागतं. कचरा टाकणं थांबलं म्हणून हे थांबत नाही. संभाजीनगरचा कचरा जिथं टाकत, त्या नारेगावच्या डेपोविरुद्ध गावकऱ्यांनी २०१८ साली आंदोलन करून गाड्या अडवल्या, पण वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी जमिनीतून तसं निघून जात नाही. शहरातल्या खाम आणि सुखना या दोन्ही नद्यांच्या काठालगतच्या बोअरबद्दलही मी असाच सावध असतो.

आता घराच्या आत.

तुम्ही लिहिलंय की घराला नुकताच रंग दिलाय. विकायच्या आधी रंग देतातच, त्यात वावगं काही नाही. पण रंगाने ओल झाकते. भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा हाताने चाचपा. कपाटं सरकवायला लावा, देव्हाऱ्याच्या मागे बघा, न्हाणीघराला लागून असलेली खोलीची भिंत बघा. नव्या रंगाखाली फुगारा, पोपडे, पांढरा लोणा दिसला तर जमिनीतून ओल चढतेय. कुठे शंका आली तर हातभर जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं लावा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला असेल तर ती हवेतली. बुरशीचे हवेतले कण मोजण्याची महागडी तपासणी करू नका. बुरशी दिसते किंवा वास येतो, तेवढं पुरे. ती कोणत्या जातीची आहे याने तुमचं काम बदलत नाही, पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करायचं. एक अडचण मात्र आहे, मे महिन्यात स्लॅबची गळती दिसणार नाही. गच्चीवर वीटभर उंचीचं आळं करून पाणी साठवून दोन दिवस ठेवता येतं. विकणारा हो म्हणाला तर करा, नाही म्हणाला तर गळतं असं धरून भाव करा.

शिशाच्या रंगाची तपासणी करायचीच नाही, ते आहे असं गृहीत धरा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) खालीच हवं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घर १९९८ चं आहे. दारं, खिडक्यांच्या चौकटी, ग्रिल यांना दिलेल्या जुन्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, लाल, हिरव्या रंगात, शिसं असणारच असं समजा. भिंतीच्या चुन्या-डिस्टेंपरची तेवढी काळजी नाही. नवा रंग वरून घट्ट बसलेला असेल तर तोवर धोका नाही. धोका आहे तो पॉलिश पेपरने कोरडं घासण्यात, आणि आपले पेंटर तेच करतात. पोपडे निघालेला भाग ओला करूनच खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, कचरा गोळा करून बांधून टाकायचा, फरशी ओल्या फडक्याने पुसायची. ते काम चालू असताना पत्नी आणि मुलगी त्या घरात नकोत, तासाभरासाठीसुद्धा नकोत.

मागच्या शेडचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याचीच शक्यता जास्त. अखंड, न भुरभुरणारा पत्रा डोक्यावर असण्याने लगेच काही होत नाही. तंतू सुटतात ते कापताना, भोक पाडताना, फोडताना. खालच्या बाजूने बोट फिरवू नका, नुसतं निरखून बघा: दोरे सुटल्यासारखी पृष्ठभागावर लव दिसते का, कडा कुजल्यात का. तसं असेल तर पत्रे बदला, आणि बदलताना पाणी मारून, बोल्ट काढून, पत्रा अख्खा उतरवायला सांगा. हातोडीने फोडून खाली टाकू देऊ नका.

रेडॉनबद्दल मेव्हण्यांना सांगा की हा वायू खडकातल्या युरेनियमपासून येतो आणि आपला काळा पाषाण त्या बाबतीत गरीब आहे. वाळूजला त्यावर पैसे घालण्याचं कारण मला दिसत नाही. हाच प्रश्न देगलूर, बिलोली किंवा किनवटहून आला असता तर मी थांबलो असतो, कारण नांदेडच्या पूर्वेला पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो. तिथल्या काही भागांत, किनवटकडे विशेषतः, पाण्यात फ्लोराइडही त्याच खडकामुळे येतं. तिथं मी फ्लोराइड आधी तपासलं असतं, रेडॉन नंतर. मोबाइल टॉवरची शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर टॉवरची माहिती बघता येते. त्यापेक्षा गच्चीजवळून जाणाऱ्या वीजवाहिनीचं अंतर बघा. ११ केव्हीची तार बाजूने निदान १.२ मीटर लांब हवी, ३३ केव्हीची २ मीटर. गच्चीवरून हात पोचेल अशी तार असेल तर मुलांच्या घरात तो रोजचा धोका आहे.

मेव्हण्यांच्या यादीत नसलेली एक गोष्ट मी घालतो. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का बघा. बंद बाथरूममध्ये तो चालला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि दर हिवाळ्यात त्याने माणसं जातात. घर घेतलंत तर गिझर बाहेरच्या मोकळ्या जागेत काढून घ्या किंवा विजेचा बसवा. हे राहायला जाण्याच्या आधी करा, नंतर नको.

व्यवहाराचं म्हणाल तर विसार पावतीत एक ओळ घालून घ्या: बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आयएस १०५०० नुसार धातूंच्या मर्यादेबाहेर आला तर विसाराची रक्कम परत मिळेल. वकिलाला शब्द नीट बसवायला सांगा. ज्याचं पाणी चांगलं आहे तो विकणारा यावर फारसा अडून बसत नाही. आणि घाई करू नका. सातव्या महिन्यात घर बदलणं, रंगकाम, सामानाची धूळ हे सगळं पत्नीच्या अंगावर येईल. व्यवहार पक्का करून ठेवा, एक पावसाळा घर रिकामं राहू द्या. गळती दिसेल, पावसाळ्यानंतर बोअरचा दुसरा नमुना घेता येईल, दुरुस्त्या होतील आणि बाळ जरा मोठं झाल्यावर राहायला जा. भाडं आणि हप्ता दोन्ही भरणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. शक्य नसेल तर निदान रंगाचं आणि पत्र्याचं काम पूर्ण उरकून, घर धुऊन-पुसून, मगच जा.

रिपोर्ट आला की टीडीएस, नायट्रेट, क्लोराइड, सल्फेट, फ्लोराइड, पीएच, सीओडी, क्रोमियम आणि निकेल हे आकडे इथं लिहा. सोबत बोअरची खोली, केसिंग किती फूट आहे ते आणि सर्वांत जवळचा शोषखड्डा किती पावलांवर आहे तेही लिहा. त्यावरून घ्यावं की सोडावं, ते मी स्पष्ट सांगेन.